तीन वर्षं तळ न पाहिलेली लाँच

मी अरबांच्या मुलखातल्या सूर बंदराच्या वाळूवर जन्मलेली एक जुनी लाकडी लाँच. मित्रांनो, आज मी पाण्यात नाही. सोहारच्या अलीकडे एका किनाऱ्यावर, दोन्ही कुशींना टेकू लावून मला उभी केली आहे. तुम्हांला वाटेल, बोट म्हणजे शूर, लाटांशी झुंजणारी. पण मी घाबरट आहे. कशाला घाबरत होते, तेच आज सांगते.

माझी एकेक सागवानी फळी सुतारांनी उन्हात वाकवली. फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकला आणि तळाला चुना आणि चरबीचा जाड लेप दिला. मला पाण्यात ढकललं तेव्हा अख्खा किनारा दोर ओढायला आला होता. मग बरीच वर्षं मी सुरमई आणली. पुढे हलक्या फायबरच्या होड्या आल्या आणि मी धक्क्याला बांधून पडले. तेव्हा माझ्या मालकांनी, अर्बाबांनी, यूनुसला माझ्यावर नेमलं. यूनुस रत्नागिरीच्या खाडीकाठचा. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला तो मला न्यायचा. हात मायेचा, बोलणं मिठास. दर सहा महिन्यांनी मला निळा रंग द्यायचा. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि मी फुलून जायचे.

रंग मात्र पाण्याच्या वर लागायचा. खाली कोणी बघत नव्हतं.

यात यूनुसचा आळस नव्हता, मित्रांनो. त्याच्या गावी पाऊस तोंडावर आला की सगळ्या होड्या वर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात. मग आपसूकच तळ दिसतो, खरवडला जातो, नवा लेप बसतो. ते काम पावसाने ठरवून दिलेलं. पण सूरला कसला पावसाळा? समुद्र बाराही महिने उघडा. यूनुसच्या डोक्यात कुठेतरी होतं, वेळ आली की लाँच वर काढू. ती वेळ आलीच नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. लेप झिजला आणि लाकूड पोखरणारा किडा माझ्या डाव्या कुशीत शिरला. तो कुरतडायचा ते मला कळायचं. सांगू कोणाला?

डिसेंबरात अर्बाब म्हणाले, "यूनुस, लाँच सोहारला माझ्या मुलाकडे पोचव. शाळेला सुट्टी आहे, घरच्यांनाही ने."

झालं! यूनुसची बायको अमीरुन्निसा आणि सात वर्षांची उमामा माझ्यावर राहायला आल्या. मागच्या बाजूला शेगडी लागली, दोरीवर फ्रॉक वाळू लागले, खालच्या खोलीत गोधड्या पसरल्या. मासे वाहिलेल्या माझ्या पोटात तांदळाच्या भाकरीचा वास दरवळला. उमामा माझ्या फळीला गाल लावून झोपायची. त्या गालापासून चार बोटांवर किडा होता. तिचा श्वास ऐकत मी थरथरायचे. मी हलले की यूनुस बायकोला म्हणायचा, "लाटा हायत."

वाटेत मत्र्याच्या धक्क्यावर यूनुसची थोरली बहीण जमिला जवळच्या वादी अदाईतल्या घरून डबा घेऊन भेटायला आली. दोरी धरून चढतानाच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "लोकं गाडीनं अडीच तासांत सोहारला पोचतात रे, आनि तू बायको-पोरीला होडीत घालून आठ दिवस वरात काढतोस!"

"आपा, पोरीनं बघू दे तरी, आपलं खानदान पान्यावर कसं जगायचं."

"खानदान बघायचं तर फोटो दाव! उमामा, तू ऱ्हा माझ्याकडं. मी सोडते तुला गाडीनं."

राहा गं पोरी, राहा, मी मनात म्हणत होते. पण उमामा म्हणाली, "नो फुफू, मला बोटवरच स्लीप करायचं आहे," आणि आईला घट्ट बिलगली.

पुढच्या थांब्यावर, बर्क्याला, यूनुसचा चुलतभाऊ नुमान भेटला. त्याने खजुराची पेटी दिली. आता फक्त सोहार उरलं होतं. तिथे अमीरुन्निसाचा भाऊ मुनीर वाट पाहत होता.

शेवटच्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. आणि अचानक उत्तरेकडून वारा सुटला. त्याला इथे शमाल म्हणतात. एकही ढग न दाखवता तो समुद्र उभा करतो. पहिल्या मोठ्या लाटेलाच माझी डावी कूस कळवळली.

खालून उमामाची हाक आली, "अम्मी, माझे सॉक्स वेट झाले."

"परत बाटली सांडलीस? दहा वेळा सांगितलं तुला!"

"मी नाही सांडली! पाणी सेल्फ येतंय!"

अमीरुन्निसा खाली उतरली. चटई तरंगत होती. तिने किंकाळी ओठांत दाबली आणि सरळ आवाजात म्हणाली, "अवो, जरा खाली या."

यूनुसने सुकाणू दोरीने बांधलं आणि तो धावत आला. पंप सुरू केला. तो घरघरला आणि बंद पडला. यूनुसने आत बोटं घातली तर ओला भुसा हाताला लागला. तो भुसा माझाच होता. मग त्याने माझी कूस चाचपली आणि अंगठा फळीत रुतला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

अमीरुन्निसाने विचारलं नाही, असं कसं झालं. तिने दोन गोधड्या भोकावर दाबल्या, वर भाकरीचा पाट लावला आणि पाठ टेकून, समोरच्या बाकाला पाय रोवून बसली. "तुमी लाँच वाळूवर घाला. मी हाय इथं."

यूनुसने मुनीरला फोन करून मदत पाठवायला सांगितलं आणि मला किनाऱ्याकडे वळवलं. उमामा नारिंगी लाइफ जॅकेट घालून बाकावर उभी राहून पातेल्याने पाणी उपसत होती.

"अम्मी, आपण बुडणार?"

"नाय. किती पातेली झाली? मोठ्यानं मोज."

पोरगी मोजत होती. आईची पाठ माझ्या फळीला टेकलेली होती, म्हणून मला एकटीलाच ठाऊक आहे, ती किती कापत होती. मीही कापत होते. तीनशे बाराव्या पातेल्याला माझा कणा वाळूवर आदळला. इतका कडाडून, की मला वाटलं मी दुभंगले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत तिघांना उतरवलं आणि पिकअपला दोर बांधून मला ओढून काढलं.

ओहोटीनंतर यूनुसने तीन वर्षांत पहिल्यांदा माझा तळ पाहिला. तो वाळूत बसून एकेक भोक बोटाने चाचपत राहिला. संध्याकाळी सूरहून गाडीने अर्बाब आले. "यूनुस, ही वर कधी काढली होतीस?"

"पाऊस लागला नाय, अर्बाब..." यूनुसच्या तोंडून निघालं, आणि आपण काय बोललो ते त्याला त्याच क्षणी कळलं. तो दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. अर्बाब रागावले नाहीत. त्याच्याशेजारी वाळूत बसून राहिले.

मुनीरमामाची गाडी आली. उमामाने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. अमीरुन्निसा तिला माझ्याजवळ आणू लागली, तर ती मामाच्या मागे लपली. मला वाईट वाटलं, पण ते तिचं बरोबरच होतं.

आता सुतार रोज येतो. हातोडीने एकेक फळी ठोकून बघतो आणि यूनुस त्याच्यामागे खडू घेऊन खुणा करतो. किती फळ्या जगतील, मला माहीत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काही कामं पाऊस करवून घेतो, काही सण करवून घेतात. तुम्ही दूरदेशी राहायला गेलात, तर तिथे ती आठवण करून द्यायला कोणी नसतं. तेव्हा दिवस तुम्हीच ठरवा. ज्यावर तुमचं मूल विश्वासाने झोपतं, ते पाळणा असो, छप्पर असो की माझ्यासारखी लाँच, त्याच्या न दिसणाऱ्या बाजूवरून एकदा हात फिरवा. आम्हांला हाक मारता येत नाही हो.