आईचं पातेलं

अंधाऱ्या खोलीत चार बाकडी टाकून सुरू झालेली खाणावळ आता इतकी पसरली होती की हॉटेलं मोजताना थोरल्याचाच गोंधळ उडे. वडील गेले, दोघं भाऊ हाताशी आले, बाकड्यांच्या खुर्च्या झाल्या, खुर्च्यांवर गाद्या आल्या. एक रिवाज मात्र टिकला. आईनं चाखल्याशिवाय डाळ वाढायची नाही. ती पळीनं तळहातावर थेंब घेई, जिभेला लावी, डोळे मिटून क्षणभर थांबे आणि म्हणे, "हं, जाऊ द्या." मगच वाढपी हलत. थोरल्यानं हे मेनूकार्डावरही छापलं होतं, आईच्या फोटोसकट. धंद्यात काय, आईसुद्धा खपते!

पुढे वयानं आईची जीभ बोथट झाली. मिठावर मीठ पडू लागलं, गिऱ्हाइकं पाण्याचे जग रिकामे करू लागली. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? धाकटा म्हणाला, "दादा, तू मोठा, तू सांग." थोरला म्हणाला, "बघतो."

त्यानं बघितलं ते असं. सगळ्या हॉटेलांची डाळ एका मोठ्या मुदपाकखान्यात शिजायला लागली आणि पिशव्यांतून पोचायला लागली. आईसाठी जुन्या स्वयंपाकघरात एक छोटं पातेलं वेगळं चढू लागलं. आचारी त्यात मीठच घालत नसे, म्हणजे तिला घालायला जागा राही. आई रोज सकाळी गाडीतून येई, चाखे, "मीठ विसरलास की रे मेल्या!" म्हणून आचाऱ्याला दटावी, मूठ सोडी आणि समाधानानं घरी जाई. तिची पाठ वळली की पातेलं मोरीत. सुरुवातीला थोरल्याला ते बघवत नसे. मग त्यानं त्या वेळी आत जाणंच सोडलं. लाज झाकायला एवढंही पुरतं माणसाला.

नव्या हॉटेलच्या उद्घाटनाला पहिल्या खाणावळीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून म्हाताऱ्या मास्तरांना मानानं बोलावलं होतं. आईचं पातेलं तिथंही चढलं. तिनं चाखलं, मीठ घातलं, आणि खुर्चीकडे वळायचं सोडून एक वाटी भरून घेतली.

"मास्तरांना पहिली वाटी मीच वाढणार. तेव्हाही मीच वाढली होती."

"अगं आई, तू बस ना. वाढपी आहेत की!"

"गप रे. माझे हात मोडलेत का?"

पाहुणे कौतुकानं बघत होते. थोरल्यानं पुढे होऊन वाटी घ्यायची तर कारण काय सांगणार?

मास्तरांनी घास घेतला, कसाबसा गिळला आणि पेला रिकामा केला. "छान झालीय वहिनी," ते म्हणाले, "मीठ तेवढं जरा हात सैल सोडून पडलंय."

आईनं आजूबाजूला पाहिलं. बाकीचे पाहुणे वाट्या पुसून खात होते. पाण्याला कोणी हात लावला नव्हता. ती आत गेली. थोरला मागोमाग गेला. तिचं पातेलं जवळपास भरलेलंच होतं, आणि शेजारी दोघं पोरं पिशव्या फाडून वाट्या भरत होती.

"हे रोजचंच?" तिनं विचारलं.

थोरल्यानं मान खाली घातली.

"आणि माझं कुठं जातं?"

आचाऱ्याची नजर मोरीकडे गेली. आईनंही तिकडे पाहिलं.

"जीभ गेलीय रे माझी, कान शाबूत आहेत. तोंडावर सांगायचं होतंस," ती म्हणाली. "इतकं अन्न नासलंत!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरल्याला झालं. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि त्याला भाषणाला बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी आईला आणायला गेलेली गाडी रिकामी परत आली. आचाऱ्यानं सवयीनं पातेलं चढवलं होतं. त्यानं चाचरत विचारलं, "साहेब, ओतून देऊ?"

थोरल्यानं फडक्यानं पातेलं धरलं आणि स्वतः आईच्या घरी नेलं. ती भाजी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आई, चाख."

"कशाला? मोरीला काय चव कळते?"

"मी जेवणार आहे ही."

बराच वेळ ती देठं खुडत राहिली. मग उठली, थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, आणि डब्यातलं मीठ नेहमीसारखं मूठभर सोडलं. थोरला जमिनीवर बसला. तिनं ताटात डाळ वाढली आणि त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पहिल्याच घासाला त्याची टाळू जळली. छान झालीय, हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले होते.

"आई," तो म्हणाला, "खारट झालीय."

"हं," आई म्हणाली. "एवढंच तर म्हणायचं होतं तुला."

थोरल्यानं मान वर केली नाही. ताटातली डाळ त्यानं बोटानं पुसून संपवली, आणि तरी, इतकी पातेली मोरीत ओतल्यावर, ताट पुढे करून आणखी मागायचं धाडस त्याला होईना.