मावशींच्या दोन बादल्या

आठ वर्षं मी बार्शीत मुलांना पास करत होते. आता हिंजवडीजवळच्या जांबे गावात भाड्याच्या खोलीत बसून एका यंत्राला नापास करते, आणि यात पगार जास्त आहे. आमच्या घरी यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दादाला अजून वाटतं की मी कॉल सेंटरमध्ये आहे आणि सांगायला लाजते.

हिंजवडीतली आमची छोटी कंपनी भाषेच्या मोठमोठ्या मॉडेलांची परीक्षा घेते. गप्पा मारणाऱ्या, निबंध लिहिणाऱ्या त्या प्रोग्रॅमला खरोखर विचार करता येतो की नुसती पोपटपंची चालते, हे तपासायचं. मी मराठीतून तर्काची कोडी घालते. मॉडेल चुकलं तर माझा प्रश्न कामाचा, कारण जिथं चुकतं तिथंच त्याला शिकवता येतं. बरोबर आलं तर माझी मेहनत पाण्यात.

त्या आठवड्यात सगळी मेहनत पाण्यातच चालली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मॉडेलला पाडणारे दहा प्रश्न हवे होते. नाहीतर करार संपला, खोली सुटली आणि मी बार्शीला परत, दादाच्या क्लासमध्ये, नववी ‘ब’ला काळ-काम-वेग शिकवायला. ‘मी म्हटलं नव्हतं का?’ हे वाक्य दादाने दोन वर्षं जपून ठेवलंय. ते ऐकण्यापेक्षा मी विहिरी खणायला जाईन. गुरुवार दुपारपर्यंत माझ्या खात्यात एकही प्रश्न नव्हता. नावाडी-वाघ-शेळी, तीन बटणं आणि एक दिवा, विहिरीतला बेडूक, जे घालीन ते त्या मेल्याला आधीच पाठ. वर प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला ‘छान प्रश्न!’ असं लिहायचा. त्या उद्गारचिन्हाने माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डोकं धरून ओट्यावर बसले होते, तेवढ्यात सारजाबाईंच्या परीक्षेला एक उमेदवार आला.

सारजाबाई माझ्या घरमालकीण, सगळ्यांच्या मावशी. भातखाचराच्या एका कोपऱ्यात त्यांनी चार खोल्या बांधल्या आहेत आणि त्या सहजासहजी कुणाला देत नाहीत. डिपॉझिट नंतर, आधी प्रश्न. "टाकीत बारा बादल्या पानी हाय. खोल्या चार. उद्या पंचायतीचं पानी येनार न्हाई. कसं वाटशील?" हुशार माणूस पटकन म्हणतो, खोलीला तीन बादल्या. की मावशी दार लावून घेतात. अपेक्षित उत्तर असं, की आधी तुमच्या दोन बादल्या बाजूला काढू, मग उरलेलं चार खोल्यांत वाटू. टाकी जिची, तिला जो विसरतो त्याला खोली नाही.

हे उत्तर कोपऱ्यावरच्या विकासच्या टपरीवर एका कटिंगमागे मिळतं. मलाही तिथंच मिळालं होतं. मी ते असं धडाधड म्हटलं की मावशी बघतच राहिल्या. गणिताच्या बाईने पेपर फोडून खोली मिळवली, याची मला दोन वर्षांत एकदाही लाज वाटली नव्हती.

त्या दिवशीचा उमेदवार लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उभा होता. मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टाकीत बारा बादल्या पानी हाय. खोल्या चार. मी घोटावड्याला लेकीकडं गेलीया, चार दिस येनार न्हाई. कसं वाटशील?"

"आधी तुमच्या दोन बादल्या काढून ठेवू, मावशी," तो हसून म्हणाला. "मग प्रत्येकाला अडीच."

"मी घोटावड्यात बसलीया, आन माज्या बादल्या हितं कुनाला रं? भुताला?"

तो गेला. मावशी माझ्याकडे वळल्या. "समद्यांनी उत्तर पाठ केलंय. म्हून म्या प्रश्नात जरा मीठ टाकलं. आता बघ कशी तोंडं वाकडी व्हत्यात."

मी उठले ती थेट लॅपटॉपवर. तोच नावाडी, तोच वाघ, तीच शेळी, तोच गवताचा भारा. फक्त एक वाक्य घातलं: नाव मोठी आहे, सगळे एकदम मावतात. कमीत कमी किती खेपा? मॉडेलने ‘छान प्रश्न!’ म्हणून आधी शेळी नेली, मग रिकामं परत आलं, मग वाघ नेला, शेळी परत आणली आणि सात खेपांत घामाघूम झालं. मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. मग तीन बटणांपैकी दिव्याचं कुठलं, या कोड्यातल्या बंद खोलीचं दार उघडं ठेवलं. दिवा बाहेरून दिसतोय, तरी हे आपलं पाच मिनिटं थांबून आत जाऊन दिवा गरम आहे का ते चाचपतंय! दिवेलागणीपर्यंत दहा प्रश्न झाले. ते पाठवले आणि स्वतःला श्रीखंड आणलं.

शुक्रवारी पाचला शेखरचा फोन आला. शेखर आमच्या टीमचा लीड. शुक्रवारी तो घरून काम करतो, म्हणजे महाळुंग्यातल्या टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावरून.

"गौतमी, प्रश्न रिजेक्ट करावे लागतायत."

"का? दहाच्या दहा चुकलंय ते!"

"नियम आठव. मॉडेल चुकलं पाहिजे, पण माणसांना उत्तर आलं पाहिजे. प्रश्न सोडवून बघणाऱ्या आपल्या दोन्ही चेकर्सनी मॉडेलचीच उत्तरं दिलीत. म्हणजे प्रश्नातच गडबड आहे."

माझं डोकं सटकलं. "तू सोडव. पहिला. किती खेपा?"

"सात. पाचवीपासून येतंय मला."

"मोठ्याने वाच."

तो वाचायला लागला. ‘नाव मोठी आहे’पाशी त्याचा आवाज बारीक झाला. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या.

"ओके," तो म्हणाला. "पण प्रोसेस ती प्रोसेस. हे प्रश्न न पाहिलेली दोन माणसं आण, माझ्यासमोर सोडवू दे. सहापर्यंत."

शेजारच्या दोन खोल्यांत मिळून पाच इंजिनियर राहतात. त्यांना हाक मारणार होते, पण आठवलं की तेही सगळे विकासच्या टपरीवरूनच पास झालेले. शिवाय ओट्यावर मावशी होत्याच, आणि त्यांच्यासमोर डोंगरातल्या वाडीवरून करवंदं विकायला आलेल्या गंगूबाई. मी फोन उभा केला, त्यात शेखरचा चेहरा आला. कॉपी नको म्हणून त्याने एकीला लांब बसवायला लावलं. मावशी कुरकुरत टाकीपाशी गेल्या.

शेखरने वाघाचा प्रश्न वाचला. गंगूबाईंनी करवंदावरची माशी हाकलली.

"वाघ न्यायचाच कशापायी पर?"

"तसं प्रश्नात नाहीये, बाई. किती खेपा ते सांगा."

"समदी एकदम मावत्यात म्हनलास न्हवं? मंग एकच की. का नावंला हेलपाटं घालायची हौस हाय?"

दिव्याच्या कोड्याला त्या म्हणाल्या, "दार उघडं हाय तर दिसंल की, डोळं न्हाईत व्हय त्याला?" शेखर टिकमार्क करत गेला. दहाच्या दहा.

मग मावशी. शेंगा सोलता सोलता त्यांनी नऊ प्रश्नही तसेच सोलले. दहावा असा होता: हैबतरावांकडे सात म्हशी आहेत. त्यातल्या पाच दूध देतात. रोज दूध किती लिटर? मॉडेलने याला चाळीस लिटर असं ठणकावून सांगितलं होतं, वर सुंदर स्पष्टीकरणही दिलं होतं.

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. सहाला चार मिनिटं होती. मला दादाचा चेहरा दिसायला लागला.

"ह्ये न्हाई सांगता यायचं," मावशी म्हणाल्या.

"अंदाजे सांगा ना," शेखर म्हणाला. मेला मुद्दाम घसरवत होता.

"अंदाजं का म्हून? एक म्हस किती देती त्ये सांगितलंस का तू? हैबतरावाला इचार, न्हाईतर म्हशीला."

शेखरने दहावी टिक केली. करार आणखी सहा महिने वाढला. मी मावशींना मिठीच मारली, आणि त्यांनी मला ‘आगं पदर, पदर’ म्हणत ढकललं. खरं सांगते, बोर्डात माझ्या मुलांना शंभरपैकी शंभर मिळाले होते तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

गंगूबाई पाटी उचलून गेल्यावर मी मावशींना सगळं समजावलं. पाठांतर, विचार, दोन्हीतला फरक. बराच वेळ बोलत होते. त्या ऐकत होत्या.

"तुला म्हाईत हाय की त्यो," त्या म्हणाल्या. "तू बी पाठ करूनच आली व्हतीस."

"मी?"

"टाकीत किती बादल्या ह्ये म्या सांगायच्या आदीच तू माज्या दोन काढून ठेवल्यास."

माझे कान तापले. दोन वर्षं मी स्वतःला लई शहाणी समजत होते, आणि या बाईला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

"मग खोली का दिलीत?"

"मागनं इचारलं न्हवतं का, किती दिस ऱ्हाशील? समदी म्हनत्यात कायमचं, मावशी. आन चार म्हैन्यांत पळत्यात. तू म्हनलीस, म्हाईत न्हाई." त्यांनी शेंगांची टरफलं ओट्याखाली झटकली. "त्येवढं एक तुज्या डोक्यातलं व्हतं."

मावशींनी विचारलं, "आता ह्ये धा प्रश्न त्ये यंत्र शिकनार?"

"दोन-तीन महिन्यांत."

"मंग?"

"मग नवे प्रश्न."

"म्हंजी तू हितंच. किती दिस?"

त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की ‘कायमची’ हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळला.

"माहीत नाही, मावशी."

"हां," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मंग बादली आन. पानी आलंया, आन आज मी घरी हाय."