लख्ख धुतलेला ओहोळ

साळूबाईची साठ जुड्या मेथी नाशिकच्या बाजारातून गेली तशी जांभूळखोऱ्याला परत आली. पानं कशी टवटवीत होती! पण सोमा आडत्यानं एका जुडीला हात लावला नाही.

"मावशे, नाल्यात धुतलेली भाजी नको म्हनतंय गिऱ्हाईक. शहराखालच्या घाण नाल्यात भाज्या धुत्यात, ते पेपरात आलंय ना."

"आरं, तो नाला कुठं, आमचा व्हळ कुठं! डोंगरातून येतो आमचा."

"मला ठावं हाय. गिऱ्हाइकाला कोन सांगनार? पानी चांगलं असल्याचा कागद आन, मंग बघू."

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. गावातल्या वीस-बावीस बायका त्याच ओहोळावर, फरशीच्या पुलाखाली भाजी धुवायच्या. बाजार बंद म्हणजे त्यांच्या चुली बंद.

सरपंच खंडेराव साळूबाईचा चुलतदीर. माणूस कामाचा, फक्त निम्मं ऐकून उठणारा. त्यानं कॉलेजात खेटे घालून प्रतिभा मॅडमना मंगळवारी यायला राजी केलं. मॅडम ओहोळाची तब्येत तपासतात, एवढं ऐकलं आणि तो निघालाच. कशी तपासतात, ते विचारलंच नाही. तपासणी म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी ग्रामस्वच्छता अभियानात त्यानं गाव असं घासलं होतं की कुत्र्यांनासुद्धा आंघोळी घातल्या होत्या, आणि तालुक्याचं बक्षीस आणलं होतं.

"वयनी, सोमवारी समद्या बाया नारळाच्या शेंड्या घेऊन या. एकूनएक दगड लख्ख झाला पायजे."

"भाऊजी, व्हळाचे दगड कुनी घासतं व्हय?"

"तपासनी हाय! भांडी घासता ना पाव्हणे यायचे म्हंजे?"

सोमवारी दिवसभर बायका गार पाण्यात उभ्या राहून दगड घासत होत्या. शेवाळ खरवडलं, पाला उचलला, काठाच्या धोंड्यांना गेरू-चुना दिला. साळूबाईच्या बोटांची सालटी निघाली. दगडाखालून किडे पळायचे, ते ती चिमटीत धरून काठावर भिरकावायची. मॅडमला एक जरी दिसला तर नाक कापलं जाईल, असं तिला मनापासून वाटत होतं. शेवटी खंडेरावानं जंतू मारायला विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणली आणि फरशीवर उभं राहून निम्मं पोतं खालच्या अंगाला ओतलं. पाणी काचेसारखं दिसायला लागलं.

मंगळवारी मॅडम आल्या. पायात गमबूट, हातात जाळी आणि पांढरा ट्रे. गेरू लावलेल्या धोंड्यांकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग पाण्यात उतरल्या. एक दगड उलटला, दुसरा उलटला, दहावा उलटला. ट्रे कोरा.

"एकही किडा नाही?"

"असंल कसा!" खंडेरावानं छाती काढली. "आमी ठेवलाच नाय एकबी."

"अहो, मी किडेच मोजायला आलेय. चांगल्या पाण्यात ठरावीक किडे राहतात. ते नसतील तर पाणी मेलेलं, असं मला लिहावं लागेल."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! खंडेराव साळूबाईला डोळ्यांनी दटावत होता, पावडरचं नाव काढू नको म्हणून. चारचौघांत दिराची शोभा करायची तिलाही लाज वाटत होती. पण परत आलेल्या साठ जुड्या आठवल्या आणि तिच्या तोंडाला कुलूप राहिना.

"मॅडम, किडे लय व्हते. मीच फेकले, ह्या हातांनी. अन् भाऊजींनी पावडर वतली."

"वयनी!"

"वयनी काय? पावडर फरशीच्या खाली वतली, वर नाय. मॅडम, वरच्या डोहावर चला. तिथं आमची शेंडी पोचली नाय."

वरच्या डोहात मॅडमनी पहिलाच दगड उलटला आणि ट्रे वळवळायला लागला. तीन शेपट्यांची एक चपटी अळी बोटावर घेऊन मॅडम लहान पोरीसारख्या हसल्या.

"मावशी, हिला घाण पाणी सोसत नाही. ही आहे म्हणजे तुमचा ओहोळ ठणठणीत आहे. वरचे किडे वाहत खाली येतील. महिन्यानं पुन्हा येते. तोवर दगडाला हात लावू नका."

मग महिनाभर खंडेराव काठी घेऊन फरशीवर बसायचा. कोणी दगडाला पाय लावला की ओरडायचा, "ए, किडं राहत्यात तिथं!" बक्षीस मिळवणाऱ्या सरपंचाला किडे राखताना पाहून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तो मात्र रोज सकाळी दगड उचलून बघायचा आणि साळूबाईला सांगायला यायचा, "वयनी, आज तीन दिसले!"

महिन्यानं मॅडमनी कागद दिला. साळूबाईनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोमाच्या पुढ्यात ठेवला. सोमानं वाचला, मान हलवली, जुडी उचलली आणि झटक्यात खाली टाकली.

"मावशे, किडा हाय ह्याच्यात!"

साळूबाईनं वाकून पाहिलं. देठाला चिकटलेली, तीन शेपट्यांची. तिनं ती अलगद बोटावर घेतली आणि पाण्याच्या तांब्यात सोडली.

"किडा नाय रं, साक्षीदार हाय तो आमचा. कागद तुला ठेव. ह्याला मी घरी नेते."

आणि रिकामी पाटी पायाशी ठेवून, एसटीत खिडकीशी बसून, खड्ड्या-खड्ड्याला तांब्यावर हात धरत, तिनं त्याला ओहोळापर्यंत आणलं.