एकशे पंधरा अंश

"माणसाचा ऱ्हास त्याने आग पेटवली त्या दिवशी सुरू झाला," असं व्हर्ना एन्क्विस्टने जाहीर केलं, आणि त्याच दमात नवऱ्याला सांगितलं, "ऑर्विल, हीटर जरा वाढव. पाय गारठलेत माझे."

ऑर्विलने हीटर वाढवला. चौतीस वर्षं त्याने ओरेगनच्या त्या किनाऱ्यावरच्या घराघरांतले फ्रीज दुरुस्त केले होते. गार आणि गरम यांत तत्त्वज्ञान शोधायची त्याला सवय नव्हती.

समोर बेथनी बसली होती. बेथनी ही 'जिवंत ताट मंडळा'ची चिटणीस. मंडळाचा नियम एकच: एकशे पंधरा अंशांच्या वर तापलं ते अन्न मेलं. हे अमेरिकन मोजणीचे अंश; मे महिन्यात नागपूरकर एवढ्या उन्हात लग्नाला जातात. त्यामुळे मंडळी बिस्किटं भाजत नसत, वाळवत. भिजवलेलं जवस, अक्रोड, कांदा, गाजराचा चोथा असं वाटून जाळीवर पातळ पसरायचं आणि उबेत दीड दिवस ठेवायचं. बहुतेकांचा माल चवीला पुठ्ठ्याच्या आसपास जाई, आणि तो सगळे एकमेकांना डोळे मिटून खाऊन दाखवत. व्हर्नाची बिस्किटं मात्र खमंग, कुरकुरीत. 'व्हर्नाचा हात' असंच मंडळात म्हणत.

यंदा शरद मेळाव्याआधी प्रत्येकाच्या वाळवणाच्या कपाटात तापमापकाची सुई खुपसून अंश मोजायचे, असं समितीने ठरवलं होतं.

"तुमच्यावर संशय नाही हं, व्हर्ना," बेथनी म्हणाली. "उलट तुमच्यापासून सुरुवात केली की बाकीचे गप्प बसतील."

व्हर्ना म्हणाली, मग आजच मोज. पण बेथनी सुई घरीच विसरली होती. गुरुवारी यायचं ठरलं. ऑर्विलने तिला गाडीपर्यंत पोचवलं, ती खरोखर गेली याची खात्री करून घेतली, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन त्या कपाटासमोर उभा राहिला.

कपाट त्यानेच केलं होतं, एका मेलेल्या फ्रीजच्या सांगाड्यातून. खाली दिवे, मागे पंखा, दारावर अंश दाखवणारा काटा. व्हर्नाची धाकटी बहीण ईडिथ एक्कावन्नाव्या वर्षी गेली, आणि तिच्यामागे व्हर्नाने चूल बंद केली. जिवंत अन्न खाल्लं की माणूस जगतं, असं तिने कुठेसं वाचलं होतं. त्या वर्षी तिला असं काहीतरी वाचणं भागच होतं. पण त्या किनाऱ्यावर वर्षाचे सात महिने ओल. तिसऱ्या दिवशीही बिस्किटं दमट, चौथ्या दिवशी बुरशी. एका सकाळी ती बुरशीचं ताट हातात धरून सिंकपाशी रडत उभी राहिली. ते रडणं बिस्किटांसाठी नाही, एवढं ऑर्विलला कळलं. अशा वेळी बायकोशी काय बोलायचं ते मात्र कळलं नाही. यंत्राचं काय करायचं ते कळत होतं. त्याने दिवे काढून हीटरची कॉईल बसवली आणि काट्यामागचा स्क्रू असा फिरवला, की आत एकशे साठ असले तरी बाहेर एकशे पंधराच दिसावेत. त्याला बावीस वर्षं झाली.

बुधवारी व्हर्ना केस कापायला गेली तेवढ्यात त्याने कपाट प्रामाणिक केलं. गुरुवारी बेथनीची सुई एकशे चौदावर थांबली. एक अंश स्वतःहून कमी ठेवणारी बाई म्हणून व्हर्नाचं नाव त्याच संध्याकाळी मंडळभर झालं. बेथनी मेळाव्याआधी पुन्हा मोजायला येईल या धास्तीने ऑर्विलने कपाट तसंच राहू दिलं.

आणि बिस्किटं बिघडली.

पहिल्या ताटातलं एक व्हर्नाने मोडायला घेतलं. ते मोडलं नाही, वाकलं. तिने पुढच्या वेळी पातळ पसरलं, त्याच्या पुढच्या वेळी अक्रोड बदलले. तिसरं ताट तिने ऑर्विलपुढे ठेवलं आणि खरं सांग म्हणाली. त्याने बराच वेळ चावलं.

"छान आहे."

"सेहेचाळीस वर्षांत तू कशालाच छान म्हणाला नाहीस," ती म्हणाली. "म्हणजे फारच वाईट झालंय."

ती खुर्चीवर बसली. मेजावर मेळाव्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या: जिवंत जवसाची बिस्किटं.

"हात गेले माझे, ऑर्विल. आईचं असंच झालं होतं. आधी हाताची चव गेली, मग आमची नावं. बेथनीला फोन कर. मेळाव्यात माझ्या जागी दुसरं कुणी बसू दे."

गप्प राहिला असता तर कुणालाच कधी काही कळलं नसतं. ऑर्विल फोनपर्यंत गेलासुद्धा. तिथून परत आला.

"तुझे हात ठीक आहेत," तो म्हणाला. "कपाट खोटं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं: कॉईल कुठली, स्क्रू किती आटे फिरवला. तिने मध्ये एकदाच विचारलं, किती अंश.

"एकशे साठ. उन्हाळ्यात थोडं जास्त."

"म्हणजे बावीस वर्षं मी भाजलेलं खाल्लं."

"हो."

"आणि त्याच्यावर भाषणं दिली."

"चांगली दिलीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडत होतीस."

व्हर्नाने पेन उचललं आणि पहिल्या चिठ्ठीतल्या 'जिवंत' या शब्दावर रेघ मारली. मग दुसऱ्या. अकरा चिठ्ठ्या होत्या. अकराही रेघा तिने सावकाश, सरळ मारल्या. ऑर्विल उभाच होता. बसायची परवानगी आहे की नाही, त्याला अंदाज येत नव्हता.

"म्हणजे हात ठीक आहेत," ती म्हणाली. तिने विचारलं की सांगितलं, ते त्याला कळलं नाही.

"ठीक आहेत."

तिने दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग फळीवरून बदामाच्या लोण्याची बरणी काढली आणि त्याच्यासमोर सरकवली.

"मग हे झाकण उघडून दे. सकाळपासून हलत नाहीये."