बांधाची पहिली टोपली

मोगलांचा तळ पडला तो नेमका बांधामागच्या सखल मैदानात. इथली घरं एवढ्या उंच टेकाडांवर का, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकाही शहाण्याला पडला नाही. उलट शिपाई हसले. भाटीची, या सखल पाणमुलखाची माणसं उंदरांना भिऊन वर राहतात म्हणाले. बांधापलीकडे मेघना नदी पुरुषभर चढली होती आणि हे कोरड्या जमिनीवर घोडे बांधून निवांत बसले होते.

श्रीदाम कैवर्ताला मात्र हसू येत नव्हतं. बांध त्याच्या घराण्याच्या राखणीतला. त्याच्या होकाराशिवाय त्यावर कुदळ पडायची नाही, हा रिवाज खुद्द भुइया, म्हणजे इथला जमीनदार हातेम खाँही पाळायचा. आणि बांधाआड श्रीदामचं भात उभं होतं, कापणीला आठच दिवस उरलेलं.

सकाळी भुइयाच त्याच्या दारात आला. एकटा, छोट्या होडीतून, नखशिखांत भिजलेला. शेजारच्या दोन जमीनदारांनी बादशहाला मुजरे घालून आपली कातडी वाचवली होती. यानं बादशहाची सनद न उघडताच परत पाठवली होती. असा माणूस हुकूम सोडू शकला असता, पण तो विचारायला आला होता.

"श्रीदामकाका, बांध फोडायचाय."

"आठ दिवस थांबता येईल, हुजूर?"

"परवा त्यांच्या तोफांच्या नावा पोचतील. मग भातही त्यांचं आणि आपणही त्यांचे."

दाराआडून श्रीदामची बायको हरिमती बोलली, "आमचं भात बुडवायला बरे आलात. तुमचं काय बुडणार?"

"बांधाच्या पायथ्याशी अब्बांची कबर आहे, काकी. सगळ्यात आधी तीच जाईल."

हरिमती आत गेली आणि कुदळ घेऊन आली.

श्रीदामनं एकच अट घातली. बांधाला जखम करणाऱ्यानं भरावाची पहिली टोपली स्वतःच्या डोक्यावरून आणायची, मग तो कुणीही असो. भुइया म्हणाला, जिवंत राहिलो तर आणीन. मग त्यानं वळणाजवळची जागा दाखवली. श्रीदामनं नकारार्थी मान हलवली. तिथून पाणी रांगत जाईल आणि मोगलांना तंबू उचलायला वेळ मिळेल. एका झेपेत तळावर जायचं तर वाट एकच होती, त्याच्या स्वतःच्या शेतावरून. तीही त्यानं दाखवली.

दुपारी शिपाई जेवायला बसले तेव्हा बांध फुटला. तंबू तरंगले, घोडे चिखलात रुतले आणि बोरूच्या बेटांत दबा धरलेल्या भुइयाच्या होड्या बुडालेल्या शेतांवरून थेट तळात घुसल्या. संध्याकाळपर्यंत उरलेसुरले मोगल उत्तरेकडे पळाले. श्रीदाम मात्र आपल्या भाताकडेच बघत होता. शेवटची लोंबी पाण्याखाली गेली आणि तो ओक्साबोक्शी रडला.

अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, पाणी ओसरलं. मोठ्यांना दिलेला शब्द आठवत नसतो, असं गाव म्हणत होतं. भरावाच्या दिवशी भुइया आला. डावा हात गळ्यात बांधलेला, उजव्या हातानं डोक्यावरची चिखलाची टोपली सावरत. वाटेत वडिलांच्या कबरीच्या जागी नुसता गाळ होता; तिथे क्षणभर थांबला, पण टोपली खाली ठेवली नाही. 

भुइयानं टोपली भगदाडात रिकामी केली. "नीट ठोका, काका."

श्रीदामनं उकिडवं बसून तळव्यानं माती हलकेच दाबली.

"बाकी सगळीकडे ठोकतो, हुजूर. इथं जरा सैल ठेवतो आणि पावसाळाभर स्वतः राखणीला बसतो. मोगल परत आले तर फोडायला वेळ कमी लागेल."

"आणि तुमचं शेत?"

"पेरणार तर," श्रीदाम म्हणाला. "इथंच."