सात आकडे

“चाचा, दोन्ही हेडफोन पुन्हा एक डाव लावून पाहा,” मोईज म्हणाला. “हा मिक्सिंगचा. आन हा घरी बसून गानं ऐकाचा. फरक तुमाले मी काय सांगू?”

खरंच, तो मला काय सांगणार? जठारपेठेतल्या उत्तमरावांच्या स्टुडिओत मी, गुलाम नबी, सव्वीस वर्षं गाणी मिसळत आलो. भजनं, कव्वाल्या, निवडणुकीची गाणी, साड्यांच्या सेलच्या जाहिराती. मिक्सिंग म्हणजे गळा आणि प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसवणं. त्यासाठीचा हेडफोन तोंडावर बोलणारा लागतो. गाणं कच्चं असेल तर कच्चं आहे म्हणून सांगतो. ऐकायचा हेडफोन खुशामतखोर. खाली धमक वाढवतो, वर चमक लावतो आणि भिकार गाणंही बिर्याणीसारखं वाढतो. मोईजचं हे दुकान नवीन होतं तेव्हा त्याला हे मीच शिकवलं होतं.

जुन्या हेडफोनच्या गाद्या सुटल्या होत्या, वायर तीनदा जोडून झाली होती. उत्तमराव म्हणाले, नवा घेऊन या, तुमच्या पसंतीचा.

मिक्सिंगचा कानाला लावला. कोरडा, मळकट आवाज. गाण्यात मंजिरीचे बारके टाळ होते, ते कुठे गेले कळेना. मग दुसरा लावला, आणि काय सांगू! मंजिरीची बारीक किणकिण थेट मेंदूत शिरली. गायिकेचा श्वास ऐकू आला. तिचा प्रत्येक ‘स’, प्रत्येक ‘च’ सुईसारखा टोकदार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता लपवून काय उपयोग? दोन वर्षांपासून मला रातकिडे ऐकू येत नव्हते. मी घरी सांगायचो, फवारण्या करकरून लोकांनी सगळे मारून टाकले. एकदा कुलसुमबी, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “किडे तो चिल्ला चिल्लाके मर रहे जी. तुमच्या कानांत भुसा भरला का?” मी तिच्यावरच खेकसलो. मिक्सिंगवाल्याचे कान गेले की मागे उरतं काय? आणि त्या दिवशी मोईजच्या काउंटरवर मला माझे कान परत मिळाले.

“हा दे,” मी म्हणालो.

“चाचा, कामासाठी पाह्यजे न?”

“मंग सव्वीस वर्षं मी काय गवत उपटून राहिलो का रे? बांध.”

त्याच आठवड्यात अमरावतीहून अपेक्षा आली. एका संस्थेत काम करणारी, पंचविशीतली, सडसडीत मुलगी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे ते दिवस, सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. तिच्या संस्थेने एक फोन सुरू केला होता. जीव नकोसा झालेल्या माणसाने, नाहीतर त्याच्या घरच्यांनी, तो लावायचा. पलीकडे कोणीतरी ऐकून घेणार, दुसऱ्या दिवशी घरी माणूस पाठवणार. फोन उचलायला अपेक्षाच बसायची. गावोगाव ऑटो फिरवायचा, त्याच्यावर पोंगा, म्हणजे कर्णा, आणि पोंग्यावर आमचं गाणं.

“कागद नाही वाटत आमी, काका,” ती म्हणाली. “बायांले वाचता येत नाही. सगळं गान्यावरच हाये. गानं कसंही असू द्या, नंबर तेवढा समजला पाह्यजे.”

“बेटी, सात तर आकडे. झोपेत करून देतो.”

बार्शीटाकळीच्या भजनी मंडळातली वच्छला गायला आली. गळा काय तिचा! शेवटी ढोलकी थांबायची आणि वच्छला सात आकडे म्हणायची, असं ठरलं होतं. पण नव्या हेडफोनमध्ये ते आकडे इतके लख्ख वाजले की ढोलकी थांबवण्याची गरजच वाटेना. मी ती चालू ठेवली. वर पेटी भरली, ताल वाढवला, वच्छलाचा आवाज थोडा खाली घेतला. तरी एकेक आकडा स्पष्ट!

आमचा एक जुना रिवाज होता. ऑटोवर जाणारं गाणं आधी गच्चीवरच्या पोंग्यातून वाजवायचं, खाली रस्त्यावर लिंबाखाली उभं राहून ऐकायचं. पोंग्याला ना धमक, ना चमक. मधला कर्कश आवाज तेवढा बाहेर पडतो. सव्वीस वर्षांत हा रिवाज मी कधी चुकवला नव्हता.

“गच्चीवर वाजवलं का, नबीभाई?” उत्तमरावांनी विचारलं.

“वाजवलं न,” मी म्हणालो. साफ खोटं.

गाणं गाजलं. पावसाळाभर तेल्हाऱ्याच्या बाजूला पोरंसोरं ते म्हणत होती. उत्तमराव आल्या-गेल्याला सांगायचे, आमच्या नबीभाईंचा हात आहे. मीही मान हलवायचो, लाज नव्हती मला.

दिवाळीच्या आधी अपेक्षा परत आली. खुर्चीवर बसली आणि पर्सच्या पट्ट्याशी खेळू लागली.

“फोन वाजतच नाही, काका. तीन महिन्यांत अकरा डाव वाजला. त्यातले सात आमचेच, लाइन चालू हाये का पाहाले.”

“मग?”

“मग काय, वरच्यांनी ठरवलं, या भागात गरज नाही. परवा लाइन कापली.” ती उठली. “गानं मात्र सगळ्याइले आवडलं हो.”

ती गेल्यावर मी गच्चीवर गेलो. गाणं पोंग्याला लावलं आणि खाली लिंबाखाली येऊन उभा राहिलो. पेटी आली. ढोलकी आली. नंबराच्या जागी वच्छलाचा आवाज गोधडीखालून कोणी बोलावं तसा आला. मलाच, ज्याला ते आकडे तोंडपाठ होते, एकही ओळखू आला नाही. शेवटी ढोलकीची तिहाई मात्र झकास वाजली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने तेल्हाऱ्याला गेलो आणि तिथून पुढच्या एका गावात उतरलो. का गेलो? कोणीतरी म्हणावं, समजत होता की नंबर, थोडाफार. एवढ्यासाठी.

देवळापाशी पोरं खेळत होती. “ऑटोवरचं गानं येते का रे?” मी विचारलं. तर सगळी एका सुरात सुरू झाली. शब्दन् शब्द पाठ. आणि नंबराची जागा आल्यावर सगळ्यांनी पोटावर हात मारत म्हटलं, “ढिंच्याक ढिंच्याक ढिंच्याक ढुम!” आणि हसत सुटली.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी मूग पाखडत बसली होती. पार्बताबाई नाव तिचं. “गान्यावाले हाये का तुमी?” तिने विचारलं. मी हो म्हणालो.

“चार डाव त्या ऑटोमांगं धावत गेली मी,” ती म्हणाली. “आमचा पोरगा भगवंता कोनासंग बोले नाही, जेवे नाही. भिंतीकडं तोंड करून बसे. म्हटलं, नंबर भेटला तं लावून पाहू. ऑटोवाल्याले इचारलं. तो म्हने, गान्यातच हाये, ऐक न बुढे.”

“भगवंतराव कुठे आहेत आता?”

तिने सुपातले खडे वेचले, बाजूला टाकले.

“बैलपोयाच्या दुसऱ्या दिवशी गेला.”

पोरं पुन्हा गाणं म्हणायला लागली होती. मला त्यांना गप्प करावंसं वाटलं.

“म्या म्हटलं, आपलेच कान गेले म्हातारपनी,” पार्बताबाई म्हणाली. “सगळ्याइले समजत असन, मलेच समजून नाही राहिलं. सुनेलेबी नाही सांगतलं. लाज वाटली.”

“तुमचे कान चांगले हायेत, मावशी,” मी म्हणालो. “माहे गेले. ते गानं म्याच बनवलं.”

तिने ते सूप माझ्या तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने ते खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले.

“मंग सांगा न आता. काय होता थो नंबर?”

“आता बंद झाला, मावशी.”

“असू द्या. सांगा.”

मी सांगितला. एकेक आकडा सुटा. ती प्रत्येक आकड्याला मान हलवत गेली. सातही आकडे तिला नीट ऐकू आले.