ओढा मुका झाला

किनुएआजींच्या बोटांतली जपमाळ थांबली. देवळामागचा ओढा वाजेनासा झाला होता.

बाहेर पाऊस तर नुसता कोसळत होता. तिन्ही अंगांनी डोंगर, मधून ओढा आणि ओढ्याच्या तोंडाशी देऊळ, अशी तानिसे गावाची ठेवण. दोनशे वर्षांपूर्वी अशाच पावसात ओढा मुका झाला. वर दरड आडवी पडून पाणी तुंबलं होतं. ते फुटलं तेव्हा त्रेसष्ट माणसं गाडली गेली. त्याच गाळावर पुढे हे देऊळ उभं राहिलं.

दरवर्षी त्या तिथीला एन्शोबुवा ही कथा गाऊन सांगत. ‘ओढा मुका झाला, भात चुलीवर राहू दे’ हे पद आलं, की सगळे उठून बाजूच्या टेकाडाच्या पायऱ्या चढत. वयाने सर्वांत मोठं माणूस पुढे. त्याला कोणी ओलांडायचं नाही. पूर्वी थेट वरच्या देवदारापर्यंत जात, एकशे सत्तर पायऱ्या. गाव म्हातारं झालं तशा त्या तीनवर आल्या. तीन चढायच्या, हात जोडायचे, खाली येऊन जेवायला बसायचं.

आज तीच तिथी, कथा रंगात आलेली, आणि यंदा मान किनुएआजींचा होता. वय एक्याऐंशी.

पण पदाला अजून अर्धा तास होता. ओरडून सांगावं, तर दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सगळा गाव रानात भिजत बसवला होता आणि एक दगडही हलला नव्हता. शेजारच्या कान्जीला त्यांनी हळूच सांगून पाहिलं.

“काकू, तेव्हा धरलेली कंबर अजून सुटली नाही माझी,” तो गालात हसला. “कचेरीच्या भोंग्यानं दुपारीच सांगितलंय, धोका नाही. तुमचे कान दाखवून घ्या एकदा.”

पुढच्या रांगेतल्या दोघी खुदखुदल्या.

आत चाळीस माणसं होती. उभ्या आयुष्यात त्यांनी कथेत खोकलाही येऊ दिला नव्हता. रंगलेली कथा मोडणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं.

अमिदा बुद्धा, अपराध पोटात घाल, असं मनात म्हणत त्या उठल्या आणि चिरक्या आवाजात त्यांनी ते पद लावलं.

सभा गार झाली. कान्जी त्यांची बाही ओढू लागला. बुवांच्या हातातला पंखा हवेतच राहिला. इतकी वर्षं ते ओढ्याच्या नादावरच सूर लावत आले होते. तोच त्यांचा तंबोरा. त्यांनी कान दिला. चेहरा उतरला. आणि पुढची ओळ त्यांनीच उचलली, मधली निम्मी कथा सोडून.

बुवांनीच पद घेतल्यावर बसून कोण राहणार? सवयीने गुडघे उठले. आजी पुढे. एक, दोन, तीन. चौथी.

“काकू, झाल्या की तीन.”

आजींनी मागे पाहिलं नाही. पुढे वडीलधारं माणूस, मागे गात येणारे बुवा. ओलांडता येईना, परतता येईना. साठाव्या पायरीला आजींना धाप लागली, तेव्हा कान्जीनेच कुरकुरत त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना वर रेटलं.

देवदार दिसू लागला आणि पायाखालची पायरी थरथरली. खालून असा आवाज आला, की बुवांचं गाणंही तुटलं. देवळाचं छप्पर जरासं फिरलं आणि चिखलात गेलं.

कान्जी आजींच्या पायाशी ओल्या मातीत बसला होता.

“काकू,” तो म्हणाला, “भात चुलीवरच राहिला.”

“राहू दे, बाबा.”